वहिनींची हिंदी

"ओ वहिनी, ऐकलं का? सरकारदरबारी तुम्ही हिंदीवाल्या हाव म्हणं!"

"अगं बाई, कोण म्हणलं?"

"आमची पोरगी. कॉलेजात शिकायलीय ना. २०११ च्या जनगणनेत ३२ लाखांवर लोकांनी लमाणी-लंबाडी, म्हणजे तुमची गोरबोली, सांगितली, अन् सगळी हिंदीच्या खात्यात जमा केली."

"कशाची हिंदी! आमच्या सासूबाईला हिंदीत पाणीसुद्धा मागता यायचं न्हाई. शेवटपर्यंत भांडल्या त्या गोरबोलीतच. मुखेडला दवाखान्यात न्यायचं म्हणलं की मधी मी उभी. एकदा मी नव्हते, तर पोट दुखायलं म्हातारीचं अन् डॉक्टर बसला घसा बघत."

"आता बघा, देशभरातून १९ हजारांवर भाषांची नावं लिहून गेली म्हणं. वर चाळता चाळता उरल्या १२१. त्यातल्या २२ घटनेच्या आठव्या अनुसूचीत, मानाच्या. संस्कृत सांगणारे २५ हजारबी न्हाईत, ती आत. गोंडीवाले २९ लाखांवर, ती बाहेर. आपल्या किनवट-माहूरला आहेत की गोंड. कोलामांचं तर कुणी नावबी घेत न्हाई."

"त्यांचं ऱ्हाऊ द्या, तुमच्या माहेरचं सांगा. उदगीरला कानडी ना?"

"आमचं उदगीर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होतं हो! आजोबांची शाळा उर्दूत, शेताचे कागद उर्दूत, भावकीची भांडणं मराठीत. अन् आजी दारात आलेल्याला पहिलं विचारणार, 'ऊटा आयता?' जेवलात का म्हणून. १ नोव्हेंबरला उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडं आलं. आजीची सख्खी बहीण बिदरातच ऱ्हायली. मला कानडी समजते, बोलता येत न्हाई. पोरीला तेवढं 'ऊटा आयता' येतं, तेबी जेवताना चेष्टा करायला."

"आमच्या नातीचं तसंच. घरात 'याडी', शाळेत 'आई'. परवा पाव्हण्यांसमोर मला म्हणली, आजी, मराठीत बोल ना!"

"अय्या! मंग?"

"मंग काय, गोरबोलीतच झाडली."

"बरं केलं. आमच्या जाऊबाई मातर हुशार हो. माहेर धर्माबादचं. मिरचीच्या बाजारात उभी ऱ्हायली की तेलुगू सुरू. मी मराठीत घासाघीस करून दमते, अन् ही स्वस्तात पिशवी भरून मोकळी. अन् नांदेडच्या गुरुद्वाऱ्याकडचे ते सरदारजी बघा, घरात पंजाबी, गिऱ्हाइकाशी 'नक्को, कायकू', अन् रिक्षावाल्यानं कट मारला की मराठी अशी, आपण कानावर हात ठेवावेत!"

"हसू नका हो. २०२७ ला परत जनगणना हाय ना? ह्या बारीला मी मास्तरासमोर बसूनच लिहून घेते, गोरबोली म्हणून."

"मास्तर लिहितो हो बरोबर. मोबाइलात भरणार हायेत आता. हिंदीत ढकलतात ते वरचे."

"मंग वरच्याला आणा इथं. चहा ठेवते. सासूबाई न्हाईत, पण थोरली नणंद हाय तांड्यावर, तिच्यासमोरच बसवते."

"त्याला हिंदी येत असल हो, पण नणंदबाईची येईल का?"

"येईल येईल. दोन शिव्या खाल्ल्या की येते."