भावोजींचं ऊन

आमच्या भावोजींच्या कपाटात अठरा गेमबॉय आहेत आणि त्यातला एकही कुणाला खेळायला मिळत नाही. भाच्यानं एकदा अडलेल्या कार्ट्रिजमध्ये फुंकर मारली, तर भावोजी असे ओरडले, की जणू पोरानं देव्हाऱ्यातलं निरांजनच विझवलं. "थुंकी उडते आत! पिना गंजतात!" मग कापसाच्या काडीला स्पिरिट लावून शुद्धीकरण.

खेळणं हा त्यांचा छंदच नव्हे. छंद उतरवून घेण्याचा. कार्ट्रिज रीडरमध्ये खोचायचं, आतला रॉम, म्हणजे अख्खा गेम, संगणकावर घ्यायचा आणि त्याचा हॅश, म्हणजे आकड्या-अक्षरांतला अंगठ्याचा ठसा, जाणकारांच्या यादीशी ताडायचा. "इथे छत्तीसपैकी अठरा गुणांवर भागत नाही." एक बिट इकडचा तिकडे झाला, की स्थळ नाकारलं! 'टेट्रिस'चा अख्खा रॉम ३२ किलोबाइटचा. मी सकाळी ग्रुपवर टाकतो त्या गुलाबाच्या फुलात असे किती टेट्रिस मावतील, हे त्यांनी मला चारचौघांत ऐकवलं आहे.

लग्नाच्या पंगतीत ते शेजाऱ्याला "८७ टक्के!" असं सांगतात. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज दुकानात मिळत नाहीत, असा हिशेब व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ साली मांडला होता. शेजाऱ्याला वाटतं, मुलाचा बारावीचा निकाल. तो अभिनंदन करून पेढे मागतो.

पण भावोजींना खरा घोर लावला तो 'बोक्ताई'नं. हिदेओ कोजिमांचा हा २००३ सालचा गेम. कार्ट्रिजलाच ऊन मोजणारा सेन्सर. व्हॅम्पायर मारायचा तर खेळणाऱ्यानं खरोखर उन्हात जायचं. एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकातल्या सोंगाड्या गेमबॉयमध्ये, बटण दाबलं, की हवं तेवढं ऊन पडतं. भावोजींना ते झोपू देईना. "रॉम उतरवला हो, पण ऊन कुठे उतरवलं?"

म्हणून एप्रिलमध्ये, ऐन दुपारी, डोक्याला पंचा गुंडाळून ते गच्चीवर बसले. अस्सल ऊन आणि बटणाचं ऊन यांचा मेळ घालायला. जुन्या गेमबॉयच्या पडद्याला आतून दिवा नसतो, तो उन्हातच नीट दिसतो, तेवढीच सोय. ताई जिन्यातून ओरडली, "बसलाच आहात, तर कुरडयांवरचे कावळे हाकला."

संध्याकाळी मी त्यांची वही पाहिली. सुवाच्य अक्षरात नोंद होती : 'दु. १२.४०. ऊन कडक. सेन्सर ठीक. व्हॅम्पायर मेला. कुरडया ३ कमी.'