हेब्बाळचे गन अंकल

बंगळुरूतल्या हेब्बाळला फ्लॅट बघायला आलेला माणूस तीन गोष्टी विचारतो: पाणी कावेरीचं की टँकरचं, फ्लायओव्हर किती वाजता तुंबतो, आणि बाल्कनीतून तळं दिसतं का. गन अंकलांनी यातलं काहीही विचारलं नाही. खिशातली टेप काढली, हॉलच्या खिडकीपासून मागच्या बेडरूमच्या भिंतीपर्यंत अंथरली, 10 मीटर भरल्याची खात्री केली आणि दलालाच्या हातावर टोकन ठेवलं.

जन्मानं ते कोल्हापूरचे, नोकरीनं मान्यता टेक पार्कचे आणि वृत्तीनं जुन्या बाजारचे. जुने भाग गोळा करून स्पर्धेची एअर रायफल जोडणारा असा एक जण प्रत्येक नेमबाजी रेंजवर असतोच.

सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेल्या या नावामुळे नवे शेजारी लिफ्टमध्ये जरा अंग चोरून उभे राहतात. म्हणून अंकलांच्या पाकिटात शस्त्र नियमांच्या पानाची झेरॉक्स असते आणि ती नमस्काराच्या आधी बाहेर येते. 1959च्या शस्त्र कायद्याखाली घरी खरी बंदूक जोडणारा सरळ तुरुंगात जाईल, पण .177 छिद्राच्या, 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेची रायफल जेमतेम 8 ज्यूलची असते. एवढं ऐकेपर्यंत शेजाऱ्यांचा मजला येऊन गेलेला असतो.

नवी जर्मन वाल्थर किंवा फाइनवेर्कबाऊ घ्यायची तर आकडा लाखांत जातो. अंकलांना तो परवडत नाही असं नाही, पण पूर्ण किंमत मोजली की त्यांना झोप लागत नाही. म्हणून नळी आणि ट्रिगर खेळ सोडलेल्या एका मुलीकडून, मागची साईट दुसऱ्याकडून, आणि गालाखालचा लाकडी तुकडा कोपऱ्यावरच्या सुताराकडून. त्यानं तो मॉड्युलर किचनच्या उरलेल्या प्लायचा केला आणि न सांगता वर सनमायकाही चिकटवून दिला. वजनकाट्यावर रायफल 5.7 किलो भरली. नियमात मर्यादा 5.5ची. मग दोन रविवार पॉलिशपेपर.

हवेचं सिलिंडर मात्र फारच स्वस्तात मिळालं होतं. त्यावर कोरलेली तारीख त्यांनी घरी आल्यावर टॉर्च लावून वाचली. सिलिंडरचं आयुष्य जास्तीत जास्त 10 वर्षं, आणि याचे तीन महिने उरले होते.

शिवाय ते गळतही होतं. गळती थांबवायला ओ-रिंग हवी, तीही 200 बार दाब सोसणारी. त्यासाठी एसपी रोडचा बाजार. दुकानदारानं आधी विचारलं, "वॉशिंग मशीन्‌गा सार्?" अंकलांनी तीन भाषांत दाबाचं गणित समजावलं. त्यानं शांतपणे कुकरची गास्केट काढून काउंटरवर ठेवली. शेवटी हवी ती रिंग मिळाली, आणि अंकलांनी तिच्यातही घासाघीस केली.

एका बाबतीत मात्र अंकलांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. भरवशाची रायफल म्हणजे तेच पेलेट त्याच जागी पुन्हा पुन्हा टाकणारी. तेव्हा पैसे नळीवर, ट्रिगरवर आणि पेलेटवर घालवावेत, रंगरूपावर नव्हे. एकाच कंपनीची, एकाच आकड्याची पेलेट्स असली तरी बॅच बदलली की नळीचा मूड बदलतो. म्हणून नळी शिकंजात आवळून वेगवेगळ्या बॅचचे ग्रुप पाडायचे आणि ज्या डब्यातल्या पेलेट्सची भोकं एकमेकांत मिसळतील, तो डबा घ्यायचा. 10 गुणांचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटर, पेलेट 4.5 मिलिमीटर, तिथे ही कटकट वेडेपणा नाही.

वेडेपणा त्याच्यापुढे सुरू होतो. रविवारी जेवणाच्या टेबलावर सोनाराचा काटा, चिमटा आणि 500 पेलेट्स. 0.52 ग्रॅमची एका वाटीत, 0.53ची दुसऱ्या, 0.54ची तिसऱ्या. एकदा वाट्या कमी पडल्या म्हणून त्यांनी मिसळणाचा डबा रिकामा केला.

"अहो, ते शिसं आहे!" आतून आवाज आला. "हळद कुठे ओतलीत?"

हळदीचं उत्तर अजून मिळालेलं नाही. डबा रायफलच्या खात्यात जमा झाला, आणि नव्या डब्याचा खर्च एक्सेलमध्ये 'ॲक्सेसरीज' खाली नोंदला गेला.

घरातले 10 मीटर पेलेटशिवाय, नुसता ट्रिगर दाबायच्या सरावासाठी. खरा बार रेंजवर. पण त्याला ते नेमबाजी म्हणत नाहीत, 'टेस्टिंग' म्हणतात. दहा लागला तर रायफल जमली. आठ लागला तर साईट हलली. मधे उभा असलेला माणूस या हिशेबात येतच नाही.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलं, तेव्हा सोसायटीत पेढे अंकलांनी वाटले. पण त्यांचं खरं दैवत अभिनव बिंद्रा. 2008, बीजिंग. अंतिम फेरीआधी सरावाची पहिली गोळी झाडली आणि लागला चक्क चार! साईट हललेली! हे सांगताना अंकलांचा आवाज चढतो, कारण त्यांच्या सगळ्या आठांना इथे ऑलिंपिकचा आधार मिळतो. त्याच बिंद्रानं साईट जुळवून घेतली, शेवटची गोळी 10.8वर लावली आणि 700.5 गुणांनी सुवर्ण नेलं, इथवर गोष्ट सहसा पोहोचत नाही. तोवर अंकलांनी ॲलन की काढून पाहुण्याच्या हातात साईट धरायला दिलेली असते.