गुरुजी ऑनलाइन आहेत

शिक्षकांनी एकमेकांकडून ऑनलाइन शिकावे, हा विचार थोरच. २०१७ साली ‘दीक्षा’ हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ आले, २०२० मध्ये शिक्षकांचे ‘निष्ठा’ प्रशिक्षणही त्यावर ऑनलाइन सुरू झाले आणि बुलडाणा जिल्ह्याच्या १३ तालुक्यांतले गुरुजी लिंकने बांधले गेले. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्यातल्या वस्तीवर रेंज नसेल तर टेकडी चढावी, तब्येतही सुधारते.

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटातली विद्वत्ताप्रचुर चर्चा तर पाहण्यासारखी. केंद्रप्रमुखांनी लिंक टाकली की अंगठ्यांची रांग, मागोमाग ‘जी सर’, दोघातिघांचे ‘नोटेड’ आणि मध्येच कुणाचा तरी गुलाबासह सुप्रभात. व्हिडिओ चालू ठेवून खिचडीचे तांदूळ मोजून घेता येतात. संपला की प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. शिकल्याचा याहून ठोस पुरावा कोणता?

आमची नम्र सूचना आहे की हा लाभ मुलांनाही मिळावा. त्यांनी वर्गात यावे, फळ्याकडे बघून अंगठा दाखवावा, प्रमाणपत्र घ्यावे आणि घरी जावे. गुरुजींची काहीच हरकत नसेल. ते वरून मागवलेली माहिती भरत असतील.

तूर्त एवढेच अडले आहे की पोरांकडून पाढे कुणी म्हणवून घ्यायचे, याची लिंक अजून आलेली नाही. कुणाकडे असल्यास कृपया गटावर टाकावी.