दीड जीबीची तालीम

जपानच्या हिदेतोशी नाकातानं 2006 च्या विश्वचषकानंतर, वयाच्या 29व्या वर्षी फुटबॉल सोडला आणि तसं आपल्याच संकेतस्थळावर लिहून टाकलं. चाहते हळहळले, पण निदान ती हळहळ त्याला जिवंतपणी वाचायला मिळाली. ही झाली जपानी घाई. आमच्या चौसाळ्यात खेळाडूनं आधी निवृत्त व्हावं, मग वारावं, मग गूगलनं त्याचं चित्र काढावं. पुढचं आम्ही बघून घेतो.

पैलवान खाशाबा जाधवांचंच घ्या. 1952 साली हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 1984 मध्ये ते अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कारानं त्यांना मरणोत्तर गाठलं. 15 जानेवारी 2023 ला त्यांच्या जयंतीचं चित्र गूगलवर झळकलं. त्याच वर्षी सरकारनं ही तारीख राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केली. तेव्हापासून तिळगुळापाठोपाठ खाशाबाही फॉरवर्ड होतात.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी पदक कांस्य असतं. मांजरसुंब्याला वळसा घालून येईस्तोवर ते रौप्य होतं आणि दुपारच्या चहाला सुवर्ण. सोबत ‘जपान्याला चितपट केलं’ हेही असतंच. त्यांच्या वजनगटातलं सुवर्ण जपानच्याच शोहाची इशीईनं नेलं होतं आणि खाशाबा त्याच्याकडून हरले होते, एवढंच मी लिहिलं. तर लगेच विचारणा झाली, “सर, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?”

सांगतात की इशीईशी दमछाक करणारी लढत संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. नियमानं अर्धा तास विसावा मिळायला हवा होता, पण तो मागायला मॅटजवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता. ती उणीव आम्ही हायवेलगतच्या फ्लेक्सवर भरून काढली आहे. तिथं मार्गदर्शक, आधारस्तंभ, भावी सदस्य असे सगळे हजर आहेत. खाशाबा कोपऱ्यात, अंगठ्याएवढे.

हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजारांसाठी घर गहाण टाकलं. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून ते कर्ज फेडलं. हा मजकूर मात्र फारसा पुढं जात नाही. तो वाचून कुणी वर्गणी मागेल, ही भीती.

आपल्याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं, ते दोन जपान्यांना मागं टाकून. इथं तर जपान खरोखरच हरला होता. पण अडचण अशी की पोरगं अजून धडधाकट आहे. त्याला थांबावं लागेल.

बरं, जयंती ऐन ऊसतोडीच्या हंगामात येते. आमच्याकडच्या कितीतरी घरांना तेव्हा कुलूप असतं आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात फडावर. यंदा आमचं एक पोरगं कोयता घेऊन कराडकडंच होतं. ग्रुपच्या ॲडमिननं त्याला हुकूम सोडला, “खाशाबांचं गोळेश्वर तिथं जवळच आहे. जा, पुतळ्याबरोबर सेल्फी टाक.”

संध्याकाळी गाडी भरून झाल्यावर त्याचं उत्तर आलं, “उचल फेडता का? लगेच जातो.”

ॲडमिननं त्याला ग्रुपमधून काढलं.