टाकीतला ऊस

आमची स्कूटर हल्ली ऊस पिते. सवय मी लावलेली नाही, सरकारनं लावली. पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्के. म्हणजे लिटरमागं दोनशे मिली, रसवंतीतला एक ग्लास. फक्त आलं-लिंबू तेवढं घालत नाहीत.

या ग्लासाचा प्रवास बघा. शिरोळ तालुक्यातल्या रानात ऊस तुटतो. डिझेलचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, टेप फुल्ल सोडून त्याला कारखान्यावर नेतो. या वरातीमागं जयसिंगपुरात आपण गाडी चालू ठेवून पर्यावरण वाचवत उभे. मग इथेनॉलचा टँकर डेपोला, डेपोतला टँकर पंपाला, दोन्ही डिझेलवर. शेवटी ऊस लावणारे आण्णा त्याच पंपावर शंभरावर रुपये मोजून आपलाच ऊस विकत घेतात. विकताना टनावर, घेताना लिटरवर!

आण्णांचा हिशोब पानपट्टीवर चालतो. "टनाला सत्तर लिटर धर. रसाच्या इथेनॉलला दर 65 रुपये 61 पैसे. झालं की साडेचार हजारावर! आणि एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा दर, साडेतीन हजार, तीबी सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. मधलं कुठं गेलं लगा?"

कारखान्याला विचारा, तो आण्णांपेक्षा मोठ्यानं रडतो. इथेनॉल गाळायला खर्च येतो, आणि एफआरपी दरसाल वाढली तरी रसाच्या इथेनॉलचा दर 2022 पासून तिथंच बसलाय. हेही खोटं नाही. त्यात 7 डिसेंबर 2023 ला, ऐन गाळपात, दिल्लीहून फर्मान आलं: रसापासून इथेनॉल बंद! आठवड्याभरात थोडं सैल केलं, पुढच्या ऑगस्टमध्ये उठवलं. धोरण हिरवं खरं, पण पाऊस कमी झाला की पिवळं पडतं.

खरं तर या सगळ्यातनं सुटायला सायकल बरी. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं आमचं जयसिंगपूर सपाट, गल्ल्या फूटपट्टीनं आखलेल्या. सायकलला आणखी काय पाहिजे? पण सायकल काढली की चौथ्या गल्लीपर्यंत तिघं विचारतात, "गाडी विकली व्हय?"

स्कूटरचं ॲव्हरेज घटलं म्हणून मेस्त्रीकडं गेलो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं ताकद कमी, हे त्यानं मला शिकवलं आणि शिकवणीसकट बिल लावलं. "राष्ट्रकार्य हाय सर, थोडं सोसायचं." सोसतोय. आण्णा सोसतात, कारखाना सोसतो. तक्रार नसलेला एकच, डेपोतला टँकर.

जाता जाता वाचकांना एक विनंती. इथेनॉल पाणी ओढतं, आणि टाकीत जास्त पाणी गेलं की पेट्रोल सोडून त्याच्याबरोबर तळाला जाऊन बसतं. 2019 च्या महापुरात आपल्या तालुक्यात पाणी कुठवर आलं होतं, ते सांगायला नको. पावसाळ्याआधी टाकीचं झाकण तेवढं बघून घ्या.