मी येईपर्यंत कशालाही हात लावू नये

प्रति,
समस्त मुंबईकर (पूर्व, पश्चिम व हार्बर)

विषय : डिसेंबरातील माझे आगमन व तोवर शहर जागच्या जागी ठेवणेबाबत.

स. न. वि. वि.

मी मूळचा दादरचा, हल्ली मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. तिकीट काढून झालं आहे, रजा मंजूर आहे. लॅपटॉप सोबत ठेव, एवढीच साहेबाची अट आहे. मी इथे दिवस मोजतो आहे आणि तिथे आपण काय करताय? तर रोज काहीतरी पाडताय.

आपला एक गैरसमज आधी दूर करतो. आपण मुंबईत राहता ते माझ्या वतीने. मी निघालो तेव्हा शहर जसं होतं तसं आपल्या हवाली करून गेलो होतो. मागितल्यावर ते जसंच्या तसं मिळावं, एवढीच माझी रास्त अपेक्षा. त्याऐवजी काय झालं? सप्टेंबर २०२३मध्ये शेवटची लाल, डिझेलवाली डबलडेकर गेली. पुढच्याच महिन्यात प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी गेली. आता म्हणे एसीवाली विजेची डबलडेकर आहे. वरच्या मजल्यावर पहिल्या बाकावर बसून तोंडावर वारा घेणार होतो, त्या वाऱ्याचं काय?

दादर स्टेशनाबद्दल तर बोलायलाच नको. पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वेंचे फलाट एकपासून सुरू व्हायचे, त्यामुळे निम्मी जनता भलत्याच पुलावरून धावायची. हे ज्ञान ज्याला होतं तो दादरकर. ९ डिसेंबर २०२३पासून मध्य रेल्वेचे फलाट आठ ते चौदा केले आपण. म्हणजे आता कोणीही उपटसुंभ न चुकता गाडी पकडणार आणि मी, जन्माचा दादरकर, हमालाला रस्ता विचारणार.

एल्फिन्स्टनचा शंभरी ओलांडलेला पूल सप्टेंबर २०२५मध्ये बंद केलात. लगेच पुढच्या महिन्यात भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत नेलीत. सोय झाली, असं आपण म्हणता. सोयच हवी असती तर मी इथे नसतो का? (इथे आहेच म्हणा.) मला तिथे थोडी गैरसोय हवी आहे, पण ती मला सोसवेल इतपत. लोकलला गर्दी असावी, मला मात्र खिडकी मिळावी. पाणीपुरीवाल्याने हातमोजे घालू नयेत, चव जाते. पाणी तेवढं बाटलीबंद वापरावं, कारण पोट आता इकडचं झालंय. ती बाटली फोटोत येणार नाही एवढं पाहावं.

भाड्याचंही सांगतो. बेस्टचं किमान भाडं मे २०२५मध्ये पाचाचं दहा झालं. डॉलरात हिशेब केला तर हसू येतं, पण मी मुंबईत उतरलो की रुपयातच विचार करतो. सुट्ट्यावरून कंडक्टरशी दोन शब्द झाले नाहीत तर घरी आल्यासारखं वाटत नाही.

२०१६ साली रिदम हाऊस हे कॅसेटींचं दुकान बंद झालं, २०१८ साली स्ट्रँड बुक स्टॉल. दोन्ही वेळा मी फेसबुकवर दीर्घ शोकसंदेश लिहिले. तिथून शेवटची खरेदी कधी केली होती ते काही केल्या आठवेना, म्हणून तेवढा परिच्छेद गाळला. पण मी कॅसेटी विकत घेणं सोडलं म्हणून आपणही सोडावं? कुणीतरी घेत राहायला नको होतं का?

घरचेही आपल्याला सामील आहेत. मी येणार म्हणून आईने खोलीत एसी बसवून घेतला आणि माझी जुनी गादी कापूसवाल्याला देऊन टाकली. इकडे रोज रात्री आमची बॅगभरणी चालू आहे. एका बॅगेला २३ किलो. बाथरूममधल्या काट्यावर आधी नुसता मी उभा राहतो, मग बॅग कवटाळून मी. बॅग कवटाळली की पायाखालचा आकडा दिसत नाही. बायको जमिनीला गाल टेकून तो वाचते आणि मोठ्याने सांगते. त्यात माझंही वजन असतं, पण शेजाऱ्यांना ते कुठे माहीत! मग बदामाचं एक पाकीट बाहेर, शाम्पूची बाटली आत, पुन्हा काट्यावर. परवा हे सगळं फोनवर पाहून आई म्हणाली, “अरे, हेच बदाम इथे दहा मिनिटांत दारात येतात. कशाला ओझं वाहतोस?”

मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. मुंबईकरहो, दहा मिनिटांत बदाम दारात येऊ लागले तर मी काय घेऊन यायचं? पूर्वी मावशीच्या हातात साबणाच्या चार वड्या ठेवल्या तरी वाडीभर बातमी व्हायची. आता मावसभाऊ विचारतो, “तिकडे अजून साबणाच्या वड्याच वापरता का?”

शेवटी आमची इमारत. पुनर्विकासाला एकावन्न टक्के संमती मिळाली, असं बाबा सांगत होते. त्या गॅलरीतून मी दहा वर्षं गणपतीच्या मिरवणुका पाहिल्या आहेत. लाकडी कठड्याला माझ्या नावाची अक्षरं कोरलेली आहेत. त्या कठड्याला धक्का लागला तर मी आपल्याला कधीही क्षमा करणार नाही. माझं संमतिपत्र मी सही करून मागेच पाठवलं आहे. कार्पेट एरिया बरा देत होते. पार्किंग मात्र दोनच हवीत, तेवढं बिल्डरच्या कानावर घालावं.

तरी वरील सर्व बाबींची नोंद घेऊन डिसेंबर संपेपर्यंत कुदळ-फावडी खाली ठेवावीत, ही विनंती. मी परत निघालो की विमानतळाच्या रस्त्यापासून खुशाल सुरुवात करा.

आपला,
एक अस्सल मुंबईकर
(परतीचं तिकीट काढलेला)

ता. क. : घरी नवा कमोडही बसवला आहे, असं कळलं. त्याला ही सूचना लागू नाही. तो राहू द्यावा.