तरी मी म्हणत होतो

बापूकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. सोसायटीत कुणाचं काही बंद पडलं की ते हजर. बोलावलं नसेल तर पेपर मागायच्या निमित्ताने. कारण त्यांना आधीच ठाऊक असतं. गीझर बिघडला तरी पहिला प्रश्न, "रात्री काही अपडेट केलंत का?"

त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा टॅबलेट रात्रीत खरोखरच अपडेट झाला आणि सकाळी त्याचा ब्लूटूथ कीबोर्ड मुका झाला, तेव्हा काकांचा चेहरा जो उजळला तो नातवाच्या मुंजीतही उजळला नव्हता. "तरी मी म्हणत होतो!" (काय म्हणत होते, हे विचारायचं नसतं.)

वहिनींना अकराच्या आत प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायची होती. काकांनी दहाव्या शतकापासून सुरुवात केली. ब्लूटूथ हे डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचं टोपणनाव, आणि ती खूण म्हणजे त्याच्या नावाची दोन रून अक्षरं. मग त्यांनी मायक्रोवेव्ह बंद करायला लावला, कारण दोघांच्याही लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. उपमा गार राहिला, कीबोर्डही.

पण एक मान्य करायला हवं, काका नुसते बोलघेवडे नाहीत. "अपडेटनंतर कधीकधी ओळख बिघडते. टॅबलेट म्हणतो हाच तो, कीबोर्ड म्हणतो कोण आपण?" सेटिंग्जमध्ये जाऊन त्यांनी कीबोर्डचं नाव काढून टाकलं, टॅबलेट बंद करून चालू केला, जोडणीचं बटण निळा दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं. पडद्यावर सहा आकडे आले. ते कीबोर्डवरच टाइप करून वर एंटर मारायचा असतो. लोक आकडे टाकतात आणि पडद्याकडे बघत बसतात. काकांनी एंटर मारला, तबलजीने समेवर थाप मारावी तसा. कीबोर्ड सुरू!

दुसरा कोणी इथे उठला असता. पण चालू यंत्रापाशी काकांना करमत नाही. "मूळ दोष कुठे होता ते बघायला नको?" कीबोर्ड तीन उपकरणं लक्षात ठेवणारा. काकांनी दोन नंबरचं बटण दाबून तो स्वतःच्या फोनला जोडला, सोसायटीच्या ग्रुपवर ‘टेस्टिंग’ असं पाठवून खात्री केली आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. कीबोर्ड परत टॅबलेटकडे वळवायचा राहिला.

वहिनी टाइप करू लागल्या. टॅबलेटवर अक्षर उमटेना.

"जोरात दाबा," काका वाकून म्हणाले. "काहीही लिहा. मनात येईल ते. आणि एंटर, एंटर मारा!"

वहिनींनी मनात होतं ते लिहिलं. एंटरने मेसेज थेट जावा ही सोय काकांनी फोनवर फार पूर्वीच करून ठेवली होती.

दोन मिनिटांत सेक्रेटरींचा फोन.

"बापूकाका, ग्रुपवर तुमचा मेसेज आलाय, ‘हा माणूस घरी कधी जाणार?’ सगळे विचारतायत कोण म्हणून. माझ्याबद्दल नाही ना?"